आईच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी सेकंड ओपिनियन : ठाणे / नवी मुंबई / परळ, माहिती हवी आहे

नौपाडेकर

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितोय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आईला (वय ५९) डाव्या स्तनात गाठ लागली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी सगळं ठाण्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलात झालं. रिपोर्टमध्ये इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३. गाठ साडेतीन सेंटिमीटरची आहे. काखेतल्या गाठीत सुई घालून तपासलं, तीही पॉझिटिव्ह आली. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे पसरल्याचं दिसत नाही, तेवढाच दिलासा.

सर्जन म्हणाले, पूर्ण स्तन काढू, काखही साफ करू (म्हणजे तिथल्या गाठी काढू), मग केमो, मग रेडिएशन. पुढच्या गुरुवारची तारीख दिली आहे. माझ्या कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समधून प्रीऑथसुद्धा (खर्चाची आगाऊ मंजुरी) मिळालंय. डॉक्टर बोलायला चांगले आहेत, तक्रार काही नाही. पण आठवड्यापूर्वी गुडघा दुखतो म्हणणारी बाई आज ऑपरेशनच्या यादीत, हे पचत नाहीये. बायको म्हणते टाटाला एकदा दाखवू. डोंबिवलीचा मामा म्हणतो, "डॉक्टरवर विश्वास नसेल तर गुण कसा येणार? आणि टाटाच्या गर्दीत तिचे हाल करणार का?" बाबा काहीच बोलत नाहीत, नुसती फाइल लावत बसतात.

दुसरीकडे दाखवण्यात वेळ गेला आणि तेवढ्यात वाढलं तर? सध्याच्या डॉक्टरांना सांगायचं की गुपचूप जायचं? नुसते रिपोर्ट पुरतात की आईला न्यावंच लागतं? आईला 'साधी गाठ आहे, काढून टाकू' एवढंच सांगितलंय, हेही लिहून ठेवतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शुभा_वर्तकनगर

आईंना लवकर आराम पडो. सेकंड ओपिनियन जरूर घ्या, दोनदा विचार करू नका.

माझ्या सासऱ्यांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर होता (तंबाखू, दुसरं काय). आम्ही दोन ठिकाणी दाखवलं आणि दोन्हीकडे शब्दशः एकच सांगितलं, आधी ऑपरेशन, मग रेडिएशन. नणंद म्हणाली, फुकट पैसे घातले. मला नाही तसं वाटत. जबड्याचा तुकडा काढणार म्हटल्यावर सासरे अडून बसले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितल्यावर स्वतःहून म्हणाले, "चला, तारीख घ्या." आणि आमच्या सर्जनला राग वगैरे काही आला नाही, उलट विचारलं, "मग काय म्हणाले तिकडे?"

तात्या ऐरोलीकर

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

दुसरं मत घ्या, पण तिसरं, चौथं घेत फिरू नका. माझ्या साडूचं हेच झालं. वाशीत एकाने सांगितलं ते पटलं नाही, म्हणून दादर, दादरचं पटलं नाही म्हणून पुणे, मध्ये कुणीतरी नाशिकला वैद्य सुचवला. खरं सांगायचं तर त्याला कुणाचंच मत नको होतं, 'ऑपरेशनची गरज नाही' एवढं म्हणणारा माणूस हवा होता. तो शेवटी मिळालाच. ऑपरेशन होण्यासारखी गाठ होती, ती नंतर ऑपरेशनच्या पलीकडे गेली.

तेव्हा घराबाहेर पडायच्या आधी ठरवा की तुम्हाला नेमकं काय विचारायचंय. 'बरोबर आहे का हो सगळं?' हा प्रश्न नव्हे.

स्लाइडवाली

तात्यांना अनुमोदन. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोपॅथला (बायोप्सीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे) काम करते. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, तेव्हा उपचार काय घ्या हे मी सांगणार नाही. पण एक विचारते. बायोप्सीच्या रिपोर्टनंतर आणखी एक रिपोर्ट आला असेल, आयएचसी नावाचा. त्यात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) लिहिलेलं असतं. ते इथे टाका. तुमच्या पोस्टमध्ये ग्रेड आहे, सेंटिमीटर आहेत, पण हे नाही, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये याच्याशिवाय दुसरं सोडा, पहिलं मतही पुरं होत नाही.

नौपाडेकर

आहे. बाबांच्या फाइलमध्ये सापडला. ईआर ७/८, पीआर ५/८, हर-टू २+, केआय-६७ ३५%. खाली बारीक अक्षरात 'इक्विव्होकल, फिश अ‍ॅडव्हाइज्ड' असं आहे. हे आम्हाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. फिश म्हणजे काय?

स्लाइडवाली

तुमचा प्रश्न तुम्हाला मिळाला.

हर-टूचं उत्तर ०, १+, २+ किंवा ३+ असं येतं. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे आयएचसीत स्लाइडला आलेल्या रंगावरून ठरवता येत नाही. मग फिश ही चाचणी करतात, तिच्यात पेशीतल्या हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. बायोप्सीचा जो तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो त्यावरच ती होते, आईंना परत सुई टोचायची नाही. साधारण आठवड्याभरात उत्तर येतं.

पॉझिटिव्ह निघालं तर ट्रास्टुझुमॅब नावाचं खास हर-टूवरचं इंजेक्शन असतं. आणि गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत पोचलेली असेल, तर अशा पेशंटला बहुतेक ठिकाणी केमो आणि ते इंजेक्शन आधी देतात, ऑपरेशन नंतर. गाठ औषधाला किती दाद देते हे डोळ्यांसमोर दिसतं, पुढचं औषध त्यावर ठरतं आणि कधीकधी गाठ इतकी लहान होते की पूर्ण स्तन काढावा लागत नाही. फिश निगेटिव्ह आलं तर तुमच्या सर्जननी सांगितलेला क्रम असूही शकतो. म्हणजे गुरुवारी काय करायचं हे फिशवर अवलंबून आहे. विचारायचं ते एवढंच : "फिशच्या आधी ऑपरेशन का?" त्यांच्याकडे याचं उत्तर असेलही. पण विचारा.

दुसरं, स्लाइड रिव्ह्यू, म्हणजे त्याच बायोप्सीच्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून परत तपासून घेणं. लोक फाइल घेऊन मोठ्या डॉक्टरकडे जातात, तो तोच रिपोर्ट वाचून मत देतो. रिपोर्टच चुकला असेल तर दोघेही एकाच चुकीवर बोलणार. म्हणून मूळ लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक दिसायला काहीच नसतो, जाळीचं प्लास्टिकचं चपटं झाकण, त्यावर पांढरट मेण आणि मधोमध तांदळाच्या दाण्यासारखे दोनचार तुकडे. त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून बघा, काउंटरवरच, घरी येऊन नाही. स्लाइड प्लास्टिकच्या डबीत मागा, कागदात गुंडाळून देतात त्या फुटतात. आणि ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. एकदा एका मुलाने घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून आणला होता, मेण पाघळून पाकिटाला चिकटलेलं.

कायद्याचं_बोला

लॅब किंवा हॉस्पिटल कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली, तिच्यात सेकंड ओपिनियनचा हक्क स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या.

पण पहिल्या दिवशीच कायदा काढू नका. आधी गोड बोलून बघा, नव्वद टक्के कामं त्यानेच होतात.

निसर्गप्रेमी७२

केमोच्या भानगडीत पडण्याआधी गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र अर्क चालू करा. साखर पूर्ण बंद. कॅन्सर साखरेवर जगतो. माझ्याकडे एका वैद्यांचा नंबर आहे, व्यनि (खासगी निरोप) करतो.

तात्या ऐरोलीकर

आला का नंबर! साडूलाही असाच व्यनि आला होता.

शुभा_वर्तकनगर

@निसर्गप्रेमी, धागा सेकंड ओपिनियनचा आहे. हवा तर वेगळा काढा, तिकडे भांडू.

उत्सवचौक

मी खारघरला राहते, बहिणीचे उपचार टाटाला झालेत, म्हणून तिथलं सांगते.

परळच्या टाटा मेमोरियलचं नाव टाटांचं असलं तरी १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्यांचंच दुसरं केंद्र आमच्या खारघरला सेक्टर २२ मध्ये, अ‍ॅक्ट्रेक. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून खारघरला उतरलात की पुढे रिक्षा. परळला जायचं तर ठाण्याहून स्लो गाडीने थेट परळ स्टेशन, तिथून चालत. आईंना घेऊन गर्दीच्या वेळी दादरला उतरायच्या फंदात पडू नका.

नोंदणी ऑनलाइन करता येते. जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. प्रायव्हेटला खर्च जास्त. पैसे स्मार्ट कार्डात भरायचे असतात, त्यातून कापले जातात. तिथे आजारानुसार डॉक्टरांचे गट आहेत. स्तनाच्या गटात सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले एकत्र बसून ठरवतात. मला विचाराल तर दुसऱ्या मताचा खरा फायदा इथे आहे. एकट्या सर्जनचं मत आणि तिघांनी मिळून दिलेलं मत यात फरक पडतो. टाटाच हवं असं नाही, ठाण्यात, नवी मुंबईतही काही मोठ्या हॉस्पिटलांत असा गट, म्हणजे ट्यूमर बोर्ड, असतो. विचारून घ्या, "आमची केस बोर्डापुढे ठेवाल का?"

गर्दी आहे, खोटं कशाला बोलू. पूर्ण दिवस जातो. डबा, पाणी, शाल न्या (एसी फार असतो) आणि पेशंटबरोबर दोघं जा, एक रांगेला, एक शेजारी बसायला.

आईंना इतक्यात न्यायचं नसेल तर 'नव्या' म्हणून ऑनलाइन सेवा आहे, टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी) जोडलेली. रिपोर्ट अपलोड केले की लेखी मत येतं. पेट स्कॅनची नुसती फिल्म असून चालत नाही, सीडी मागून ठेवा.

निवृत्त सिस्टर

बाळा, मी तीस-बत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यातली बरीच कॅन्सरच्या. दोन गोष्टी सांगते.

डॉक्टरांपासून लपवू नकोस. स्लाइड मागायला गेलास की त्यांना कळणारच आहे. सरळ सांग, "सर, घरातल्या सगळ्यांच्या समाधानासाठी एकदा दुसरीकडे दाखवून घेतो, तोवर तारीख थोडी पुढे ढकलली तर चालेल ना?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. खरंच घाई असेल तर ते कारणासकट सांगतील. रक्ताचा तीव्र कॅन्सर असतो, मणक्यात गाठ दाबत असते, तिथे एक दिवसही थांबायचं नसतं. स्तनाच्या गाठीत दोन आठवडे चौकशीत गेले म्हणून सहसा बिघडत नाही. आणि डॉक्टर चिडलेच, तर पुढे वर्षभर ज्यांच्या हातात आई द्यायची आहे ते प्रश्न विचारल्यावर कसे वागतात, हे आत्ताच कळलं असं समज.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. आईला सांग. "साधी गाठ" म्हणून टाटाच्या दारात नेणार आहेस का? बोर्ड वाचता येतो तिला. माझ्या वॉर्डात नातेवाईक बाहेर कुजबुजायचे, "सिस्टर, तिला काही बोलू नका हं," आणि आत बाई मला विचारायची, "माझ्या मुलाला माहितीये ना? तो घाबरेल म्हणून मी बोलत नाही." स्तन तिचा आहे. ठेवायचा की काढायचा याच्यावर मत घ्यायला निघालात आणि तिचंच घेतलं नाहीत. संध्याकाळी चहा टाकून तिच्याजवळ बस आणि सांग. सगळं एकदम नको, ती जेवढं विचारेल तेवढं.

नौपाडेकर

सिस्टर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. मग दोघांनी मिळून आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पेट स्कॅनलाच कळलं होतं, बाहेर सगळ्यांना टोप्या होत्या." मग विचारलं, केस जातील का, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत उभी राहीन का. स्तनाबद्दल म्हणाली, राहिला तर बरं, पण त्यासाठी धोका पत्करू नका. मामाला तिनेच फोन केला, "मी दाखवून घेणार आहे, तू मध्ये पडू नकोस." बाबा पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "मी येतो बरोबर."

सर्जननाही सांगितलं. क्षणभर गप्प झाले. फिशचं विचारल्यावर म्हणाले की ऑपरेशननंतर मोठ्या तुकड्यावर करायचं ठरवलं होतं, पण आधी करून घ्यायला हरकत नाही. तारीख रद्द केली नाही, पुढे ढकलली. लॅबच्या काउंटरवर मात्र "ब्लॉक देत नाही, स्लाइड घेऊन जा" चालू होतं. अर्ज पुढे केल्यावर आतून एक बाई आल्या, सही घेतली आणि दिला. नंबर तिथेच जुळवला. घरी पिशवीत बर्फाचा पॅक घालून ठेवला होता, ते जरा जास्तच झालं बहुतेक.

स्लाइडवाली

नुसत्या सावलीत ठेवला तरी पुरतो. पण डॅशबोर्डपेक्षा बर्फ परवडला.

दमाणी_नाका

इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही म्हणून. प्रीऑथ त्या हॉस्पिटलच्या आणि त्या उपचाराच्या नावाने असतं. हॉस्पिटल बदललं किंवा ऑपरेशनऐवजी केमो ठरली तर जुनं रद्द करून नवं मागवावं लागतं. टीपीएला (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या एजन्सीला) ईमेल करा, फोनवर विसंबू नका. केमो डे केअरमध्ये होते, एका दिवसात घरी, तरी क्लेम बसतो. पॉलिसीत आधुनिक उपचारांवर वेगळी मर्यादा आहे का तेवढं बघा. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारावं. योजनेतल्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र बसलेला असतो. मंजुरी आल्यावर उपचार सुरू करायचे, आधी नाही.

नौपाडेकर

मंडळी, उशिरा लिहितोय, धावपळ होती.

स्लाइड रिव्ह्यूत कॅन्सरचा प्रकार आणि ग्रेड तेच आले, तिथे काही फरक नाही. फिश पॉझिटिव्ह. परळला स्तनाच्या गटाने सांगितलं की आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब, मग ऑपरेशन. तेव्हा गाठ कशी आहे ते बघून स्तन ठेवायचा की काढायचा ते ठरवू. केमो सुरू व्हायच्या आधी गाठीत एक बारीक धातूची क्लिप घालायला सांगितली, म्हणजे गाठ पार विरघळली तरी सर्जनला जागा सापडेल. ते इंजेक्शन हृदयावर परिणाम करू शकतं म्हणून टू-डी इको आधी आणि मग दर तीन महिन्यांनी.

ते लेखी मत घेऊन मी आमच्या ठाण्याच्या सर्जनकडेच परत गेलो. त्यांनी वाचलं, म्हणाले, "योग्य आहे, असंच करू," आणि त्यांच्याच हॉस्पिटलातल्या मेडिकल ऑन्कोलॉजिस्टला तिथल्या तिथे फोन लावला. केमो घराजवळच चालू आहे, रिक्षाने दहा मिनिटं. इंजेक्शनचा भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) घेतोय, मूळ ब्रँडपेक्षा बराच स्वस्त पडतो. दुसरं मत म्हणजे हॉस्पिटल बदलणं असंच मी धरून चाललो होतो, तसं काही करावं लागलं नाही. आईचे केस गेले. तिने स्वतःच नातवाला सांगितलं, "आता आपण दोघं सारखे." (तो सात महिन्यांचा आहे.)

तात्या ऐरोलीकर

छान. आईंना नमस्कार सांगा. मामांचं काय म्हणणं?

नौपाडेकर

मामा आता सगळ्यांना सांगतो, मीच टाटाला न्यायला लावलं.

सीवूड्सकर

धागा वर आणतोय, माफ करा. आमचे उपचार अर्ध्यावर आहेत. वडिलांचं (६७) मोठ्या आतड्याचं ऑपरेशन नेरूळला झालं, रिपोर्ट टी३ एन१ (टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल, एन म्हणजे आसपासच्या लसिकाग्रंथींत किती पसरलीय), आता ऑक्झॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, दर एकवीस दिवसांनी. आठ डोस सांगितलेत, चौथा पुढच्या आठवड्यात. बोटांना मुंग्या येतात, शर्टची बटणं लागत नाहीत. डॉक्टर म्हणतात होतं असं. आता मध्येच दुसरं मत घेता येतं का?

निवृत्त सिस्टर

येतं. फक्त त्यासाठी डोस चुकवायचा नाही, दोन डोसांच्या मधल्या आठवड्यात जायचं. बरोबर ऑपरेशनचा हिस्टोपॅथ रिपोर्ट हवा आणि प्रत्येक डोसची तारीख, औषध, मात्रा, कमी केली असेल तर का, हे डे केअरच्या केमो चार्टवरून उतरवून घे. अर्ध्यावरचा पेशंट गेला की नवा डॉक्टर आधी हेच मागतो. मुंग्यांचं मात्र दुसऱ्या डॉक्टरसाठी राखून ठेवू नकोस. बटण लागत नाही हे आत्ताच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांग, पुढच्या डोसच्या आधी. नुसतं "मुंग्या येतात" म्हटलं की सगळेच "होतं असं" म्हणतात. बटण लागत नाही म्हटल्यावर मात्रा कमी करायची की ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवायचं, याचा विचार करावा लागतो.

स्लाइडवाली

टी३ एन१ असेल तर एक प्रश्न नेमका विचारा : "चार डोस पुरतील का?" २०१८ मध्ये मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला होता. टी१ ते टी३ आणि एन१ अशा पेशंटमध्ये या जोडीचे तीन महिने हे सहा महिन्यांच्या जवळपास तोडीस तोड ठरले आणि मुंग्यांचा त्रास खूपच कमी. वडिलांना लागू पडतं की नाही ते त्यांचा पूर्ण रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवणार. पण चौथा डोस तोंडावर आहे, तेव्हा याच आठवड्यात विचारा.

सीवूड्सकर

उद्याचीच वेळ घेतली. चार्टचा फोटोही मागवलाय. अवांतर : फ्रिजमधलं ताक घेतल्यावर घशात टोचल्यासारखं होतं म्हणतात, ते याचंच का?

निवृत्त सिस्टर

याचंच. डोसानंतर काही दिवस गार काही द्यायचं नाही, ताकसुद्धा फ्रिजबाहेर ठेवलेलं. फ्रिज उघडायचं काम दुसऱ्याकडे द्या, आणि हेही उद्या डॉक्टरांच्या कानावर घाला.